नॉर्वेची सगळ्यात लहान पालिका कशी जन्मली आणि का संपली

नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर क्रिस्तियानसुन्द नावाचं बंदर आहे. तिथून वायव्येला सुमारे 14 किलोमीटर उघड्या समुद्रात गेलं की खडकांचा एक पुंजका लागतो. लहानमोठी ऐंशीच्या आसपास बेटं, पण सगळ्यांची जमीन एकत्र केली तरी अर्धा चौरस किलोमीटर भरत नाही. क्षेत्रफळ 0.47 चौरस किलोमीटर, म्हणजे दादरचं शिवाजी पार्क चार वेळा मांडलं की झालं. या द्वीपसमूहाचं नाव ग्रिप. इथे 1 जानेवारी 1897 पासून 1 जानेवारी 1964 पर्यंत, बरोबर 67 वर्षं, एक स्वतंत्र पालिका होती. स्वतःची निवडून आलेली सभा, स्वतःचा अध्यक्ष, स्वतःचा कर आणि स्वतःची शाळा. क्षेत्रफळ आणि लोकसंख्या, दोन्हींच्या हिशोबाने ती देशातली सगळ्यात लहान पालिका होती.

ती बंद का झाली, याचं उत्तर सहसा एका वाक्यात मिळतं: फार लहान होती, परवडत नव्हती, म्हणून शेजारच्या शहरात विलीन केली. हे खोटं नाही, पण त्याने प्रश्न सुटत नाही. कारण 1897 मध्येही ग्रिप एवढंच होतं. तेव्हा तिथे दोनशेच्या आत-बाहेर माणसं राहत होती, आणि त्याच नॉर्वेने त्यांना वेगळी पालिका दिली. ज्या लहानपणामुळे शेवटी पालिका गेली, ते पहिल्या दिवशीही होतंच. मग मधल्या काळात बदललं काय? माझं म्हणणं असं की अंतर मोजायची पद्धत बदलली. होडीच्या काळात ग्रिप मध्यावर होतं, रस्त्याच्या काळात ते टोकाला गेलं. कारभाराच्या सीमा या बदलामागून आल्या. हे कसं घडलं ते नीट समजून घ्यायचं तर आधी तिथे माणसं राहिलीच का, इथून सुरुवात करावी लागते.

कॉडच्या मागे आलेली वस्ती

ग्रिपवर झाड नाही, शेत नाही, गोड्या पाण्याचा झरा नाही. पिण्यासाठी पावसाचं पाणी साठवायचं. सगळ्यात उंच जागा समुद्रसपाटीपासून जेमतेम आठ-दहा मीटरवर. हिवाळ्यातल्या मोठ्या वादळात लाटा घरांपर्यंत येतात. 1796 च्या वादळात तर वस्तीतली कितीतरी घरं समुद्रात वाहून गेली. तरी लोक परत आले आणि पुन्हा बांधू लागले.

कारण एकच, कॉड मासा. दर हिवाळ्यात बॅरेंट्स समुद्रातले पूर्ण वाढलेले कॉड अंडी घालायला नॉर्वेच्या किनाऱ्याकडे दक्षिणेला येतात. जानेवारी ते एप्रिल हा त्यांचा हंगाम. लोफोतेन बेटं यासाठी जगप्रसिद्ध आहेत, पण माशांची एक वाट त्याहून खाली, ग्रिपच्या आसपासच्या पाण्यापर्यंतही येते. आता त्या काळची होडी डोळ्यांसमोर आणा. वल्ह्यांची आणि शिडाची, वरून उघडी. दिवसाचा उजेड काही तासांचा. क्रिस्तियानसुन्दहून रोज 14 किलोमीटर जायचं, जाळी उचलायची आणि अंधाराआधी परतायचं, हे बहुतेक दिवशी जमणारं नव्हतं. वारा उलटला तर जीवच जायचा. त्यामुळे माशाच्या शेजारी राहणं हाच शहाणपणा होता. हंगामात बाहेरगावचे मच्छीमार येऊन राहायचे आणि बेटावरची माणसं अनेक पटींनी वाढायची. एप्रिल सरला की पुन्हा तीच मोजकी घरं.

मासा विकायचा कुठे? क्रिस्तियानसुन्दला. कॉड चिरून, मीठ लावून, समुद्रकाठच्या उघड्या खडकांवर वाळवायचा, असा हा धंदा तिथे सतराव्या शतकाच्या अखेरीपासून रुजला होता. हा खारा सुका कॉड स्पेन आणि पोर्तुगालला जायचा, आणि त्या व्यापारावरच क्रिस्तियानसुन्द मोठं झालं. 1742 मध्ये त्याला शहराचा दर्जा मिळाला. या सगळ्या साखळीचं समुद्रातलं टोक म्हणजे ग्रिप.

त्या साखळीतली एक गाठ मात्र घट्ट आवळलेली होती. नॉर्वेच्या किनाऱ्यावरच्या अशा मच्छीमार वस्त्यांना बऱ्याचदा एक मालक असायचा. तो शहरातला व्यापारी. जमीन त्याची, धक्का त्याचा, आणि मासाही त्यालाच विकायचा. मीठ, पीठ, दोर, गळ हे सगळं त्याच्याकडून उधारीवर घ्यायचं आणि माशातून फेडायचं. घर मच्छीमाराने बांधलेलं, पण घराखालचा खडक दुसऱ्याचा. ग्रिपही दीर्घकाळ असंच व्यापाऱ्यांच्या मालकीत होतं. पालिका मिळणं म्हणजे काय, हे या पार्श्वभूमीवर बघायला हवं. ज्यांच्या पायाखालची जमीनही स्वतःची नव्हती, त्यांना स्वतःची सभा मिळाली.

आधी चर्च, मग पालिका

ग्रिपच्या सगळ्यात उंच जागी एक लहानसं लाल लाकडी चर्च आहे. ते पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धातलं, साधारण 1470 च्या आसपासचं मानतात. ते ज्या प्रकारचं आहे त्याला स्टाव्ह चर्च म्हणतात. यात इमारतीचा भार उभ्या लाकडी खांबांच्या चौकटीवर असतो, आणि त्या चौकटीत उभ्या फळ्या बसवून भिंती होतात. मध्ययुगात नॉर्वेत अशी शेकडो चर्च होती. आज फक्त 28 उरली आहेत. त्या अठ्ठावीसात ग्रिपचं चर्च सगळ्यात लहानांपैकी एक आहे. सतराव्या शतकात त्याची बरीच पुनर्बांधणी झाली, पण जागा तीच राहिली. वादळात घरं सोडायची वेळ आली की लोक तिथेच जमत.

आत वेदीवर तीन फळ्यांची, दारांसारखी उघडमीट होणारी एक कोरीव लाकडी चौकट आहे. मधोमध मेरी, बाजूंना संत ओलाव्ह आणि संत मार्गारेट. ही चौकट नेदरलँड्समधली, 1515 च्या सुमाराची. असल्या गरीब खडकावर ती आली कशी? परंपरेने सांगितलं जातं ते असं: 1515 मध्ये हाब्सबुर्ग घराण्यातली राजकन्या इझाबेला, पुढे सम्राट झालेल्या पाचव्या चार्ल्सची बहीण, डेन्मार्क आणि नॉर्वेचा राजा दुसरा क्रिस्तियान याच्याशी लग्न करण्यासाठी नेदरलँड्सहून कोपनहेगनला निघाली. ती तेव्हा अवघी चौदा वर्षांची. तिला आणायला गेलेल्या मंडळींत नॉर्वेचे आर्चबिशप एरिक वाल्केनडॉर्फ होते. प्रवासात भयंकर वादळ झालं, त्यातून जीव वाचला, म्हणून राजकन्येने नॉर्वेच्या किनाऱ्यावरच्या चर्चना अशा चौकटी दिल्या. एकाच घडणीच्या चौकटी लेका, रोस्त, हाडसेल आणि ओर्स्ता इथेही सापडल्या आहेत. राजकन्येची गोष्ट खरी की आर्चबिशपांनीच आपल्या व्यापारी संबंधांतून त्या मागवल्या, यावर वाद होऊ शकतो. मला दुसरी शक्यता जास्त पटते. पण दोन्हींतून एक गोष्ट दिसते. 1515 मध्ये ग्रिप कुठल्याही नकाशाच्या कडेला नव्हतं. समुद्र हाच मुख्य रस्ता होता आणि आर्चबिशपांची नजर त्या रस्त्यावरच्या गावांवर होती.

आता चर्चचा आणि पालिकेचा संबंध. नॉर्वेत स्थानिक स्वराज्याचा कायदा 14 जानेवारी 1837 ला आला. त्याआधी गावपातळीवर राज्य म्हणजे राजाचे अधिकारी आणि चर्चचे पाद्री. नव्या कायद्याने ठरवलं की प्रत्येक भागातले मतदार आपली सभा निवडतील, आणि ती सभा शाळा, गरिबांचा सांभाळ, रस्ते अशी कामं बघेल. मग प्रश्न आला की हे भाग पाडायचे कसे. कोरी पाटी घेऊन देश नव्याने आखायला कुणाकडे वेळ नव्हता. तयार आखणी एकच होती, ती म्हणजे चर्चचे पॅरिश. वसईला किंवा गोव्यात पॅरिश म्हणजे काय हे सांगावं लागत नाही: एका चर्चभोवतीची, एका पाद्रीच्या देखरेखीखालची वस्ती. नॉर्वेने मोठा पॅरिश घेतला आणि त्याचीच पालिका केली. देशभरात अशा सुमारे 390 पालिका झाल्या.

ग्रिप तेव्हा क्व्हेर्नेस नावाच्या मोठ्या पॅरिशमध्ये होतं. क्व्हेर्नेस आव्हेरॉय बेटाच्या आग्नेयेला, आतल्या बाजूच्या शांत पाण्यावर आहे. तिथली माणसं शेती आणि मासेमारी दोन्ही करायची. ग्रिपहून सभेला जायचं तर उघडा समुद्र ओलांडून, मग बेटाला वळसा घालून. जानेवारीत सभा असेल तर ग्रिपचा प्रतिनिधी पोचेलच याची खात्री नाही, आणि पोचलाच तर हंगामातले दिवस बुडाले. शिवाय गरजा वेगळ्या. शेतकऱ्यांच्या सभेला रस्ता हवा, ग्रिपला धक्का हवा.

पण ग्रिपकडे एक गोष्ट होती. त्याचं स्वतःचं चर्च असल्यामुळे मोठ्या पॅरिशच्या पोटात ग्रिप हा वेगळा लहान पॅरिश धरला जायचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठ्या पालिका फुटू लागल्या तेव्हा त्या बहुतेक वेळा याच लहान पॅरिशांच्या रेषांवर फुटल्या. क्व्हेर्नेसची पालिका मोडली आणि 1897 च्या पहिल्या दिवशी ग्रिप वेगळं झालं. चारशे वर्षांपूर्वी कुणीतरी खडकाच्या माथ्यावर खांब रोवले होते, आणि त्याच खांबांच्या आधारावर पालिकेची सीमा उभी राहिली. सरकारी कागदांच्या इतिहासात मला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो.

मतदानाचा हक्क मात्र टप्प्याटप्प्याने आला. 1814 च्या राज्यघटनेने तो गावांमध्ये शेतजमिनीशी बांधला होता. जिथे शेतच नाही तिथल्या मच्छीमाराला त्याचा काय उपयोग? 1884 मध्ये ठरावीक उत्पन्नावर कर भरणाऱ्या पुरुषांना मत मिळालं. 1898 मध्ये सर्व पुरुषांना संसदेसाठी, आणि 1910 मध्ये सर्व स्त्रियांना स्थानिक निवडणुकीत.

एवढीशी पालिका चालायची कशी

दोनशे माणसांच्या पालिकेला काम ते काय, असं वाटेल. कामं मोठ्या पालिकेचीच होती. 1889 च्या कायद्याने सार्वजनिक शाळेची जबाबदारी पालिकांवर आली होती. गरिबांचा सांभाळही पालिकेचाच. होडी बुडाली, घरातला कमावता गेला, तर विधवा आणि मुलांना जगवायचं पालिकेने. आणि यासाठी पैसा यायचा कुठून? रहिवाशांच्या उत्पन्नावरच्या करातून.

इथेच लहान बेटाच्या पालिकेची खरी अडचण होती. शेजारच्या मोठ्या पालिकेत थोडी शेती, थोडा व्यापार, थोडी कारागिरी असायची. एक धंदा बसला तर दुसरा तारायचा. ग्रिपवर सगळे एकाच माशावर जगत. कॉड आला नाही की सगळ्यांचं उत्पन्न एकदम खाली, म्हणजे कर कमी. आणि त्याच वर्षी मदत मागणारी घरं जास्त. तिजोरी रिकामी व्हायची वेळ आणि ती सगळ्यात जास्त लागायची वेळ एकच. माणसं किती शहाणी आहेत, कारभार किती प्रामाणिक आहे, याने त्यात फार फरक पडत नाही.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. लहान सभेत कुठलंही घर निर्णयापासून दूर नसतं. याचं एक सुंदर उदाहरण दक्षिणेकडच्या उतसिरा बेटाचं आहे. उतसिराची पालिका 1924 मध्ये झाली. 1925 च्या निवडणुकीत तिथे बारा सदस्यांपैकी अकरा स्त्रिया निवडून आल्या. ओसा हेल्गेसेन या बेटावरच्या सुईणीला सभेने अध्यक्ष केलं, आणि 1926 पासून 1928 पर्यंत त्यांनी ते पद सांभाळलं. नॉर्वेच्या इतिहासातली ती पहिली स्त्री महापौर. राजधानीत किंवा एखाद्या मोठ्या शहरात हे आधी घडलं नाही. घडलं ते समुद्रातल्या एका बेटावर.

ग्रिपच्या परिसरात राज्याचं म्हणून आणखी एक ठळक चिन्ह होतं, दीपस्तंभ. ब्रात्थोरस्कोलेन या खडकावर 1888 मध्ये तो उभा राहिला. खडक बुटका, त्यामुळे दिवा दूरवर दिसायचा तर मनोरा उंच हवा. तो सुमारे 44 मीटर आहे आणि देशातल्या सगळ्यात उंच दीपस्तंभांत गणला जातो. तिथल्या रखवालदारांच्या पाळ्या पिढ्यानपिढ्या चालल्या.

इंजिन आलं, मग रस्ता आला

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत होड्यांना इंजिन बसू लागलं. मच्छीमारांसाठी हे वरदानच होतं, आणि ग्रिपच्या मच्छीमारांसाठीही. वादळ दिसताच लवकर परतता येऊ लागलं, जीव वाचू लागले. पण याच इंजिनाने ग्रिपचं कारण काढून घेतलं. क्रिस्तियानसुन्दहून सकाळी निघून मासे घेऊन परत येणं आता शक्य झालं. मग पाणी नसलेल्या, लाटांनी झोडपलेल्या खडकावर बायकामुलांसह का राहायचं? पुढे होड्या मोठ्या झाल्या. त्यांना खोल आणि सुरक्षित बंदर लागतं. ग्रिपला लाटारोधक बांध घातला, पण निसर्गाने दिलेली जागाच लहान. दुसऱ्या महायुद्धानंतर मासा वाळवण्याऐवजी गोठवण्याकडे कल वाढला. गोठवायला वीज हवी, भरपूर गोडं पाणी हवं, आणि माल पुढे न्यायला रस्ता हवा. यातलं काहीच ग्रिपकडे नव्हतं.

याच काळात सरकारने पालिकांच्या नकाशाकडे नव्याने पाहिलं. फुटत फुटत पालिकांची संख्या 1930 च्या सुमारास जवळपास 750 झाली होती. 1946 मध्ये निकोलाय शेय यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. तिचं म्हणणं सरळ होतं. युद्धानंतरच्या राज्याला लोकांना खूप काही द्यायचं आहे: मोठी शाळा, आरोग्यसेवा, वृद्धांची काळजी. काहीशे माणसांची पालिका हे देऊ शकत नाही. निदान दोन-अडीच हजार लोकसंख्या हवी. शाळेचंच बघा. 1959 च्या कायद्याने पालिकांना नऊ वर्षांचं शालेय शिक्षण सुरू करायची मुभा दिली आणि 1969 मध्ये ते सगळीकडे सक्तीचं झालं. वरच्या वर्गांना विषयवार शिक्षक लागतात. हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या मुलांच्या बेटावर ते कसे ठेवणार?

समितीच्या शिफारशींनुसार 1958 ते 1967 या काळात पालिका 744 वरून 454 वर आल्या. 1 जानेवारी 1964 ला ग्रिप क्रिस्तियानसुन्दमध्ये विलीन झालं. तेव्हा बेटावर जेमतेम शंभर माणसं उरली होती.

शेय समितीला खलनायक ठरवणं मला पटत नाही. ग्रिपच्या मुलांना नववीपर्यंतची शाळा मिळावी हा आग्रह योग्यच होता, आणि तो ग्रिपची सभा पुरा करू शकली नसती. माझा आक्षेप मोजपट्टीवर आहे. दोन-अडीच हजारांचा आकडा रस्त्याने जोडलेल्या गावांसाठी अर्थपूर्ण होता. तिथे शेजारची दोन गावं जोडली की मुलं बसने शाळेत जातात, म्हातारी माणसं दवाखान्यात पोचतात. समुद्रातल्या बेटाची पालिका शहराला जोडली तरी ते 14 किलोमीटर पाणी तसंच राहतं. सेवा जवळ येत नाही, फक्त निर्णय दूर जातो. सतरा हजारांच्या शहरात शंभर मतांना किती वजन असणार?

क्रिस्तियानसुन्द स्वतः बेटांवर वसलेलं शहर आहे, हेही सांगायला हवं. बेटांमधून लोकांना नेणारी होडी तिथे 1876 पासून चालते. मुख्य भूमीशी पक्का रस्ता जोडला गेला तो 1992 मध्ये, बोगदा आणि पूल बांधून. म्हणजे ज्या शहराने ग्रिप सामावून घेतलं, ते समुद्राने तुटलेलं असण्याचा त्रास चांगला ओळखत होतं. पण त्याची ओढ मुख्य भूमीकडे होती, आणि ग्रिप नेमकं विरुद्ध दिशेला.

विलीनीकरणाने ग्रिप ओस पडलं असं म्हणता येत नाही, लोक आधीपासूनच निघत होते. मात्र निघू नका म्हणून काही करू शकणारी, धक्क्यासाठी किंवा शाळेसाठी ओसलोच्या दारात जाणारी सभा आता नव्हती. पालिका गेल्यावर दहाच वर्षांत, 1974 मध्ये, बारमाही राहणारी शेवटची माणसं बेट सोडून गेली. 1977 मध्ये दीपस्तंभ स्वयंचलित झाला आणि रखवालदारही उतरले.

इतर बेटांचं काय झालं

सगळ्या बेटांच्या वाट्याला हे आलं नाही. दोनशेच्या आसपास वस्तीचं उतसिरा आजही स्वतंत्र आहे आणि लोकसंख्येने नॉर्वेची सगळ्यात लहान पालिका तीच. क्व्हित्सोय हे आजचं क्षेत्रफळाने सगळ्यात लहान, पण ग्रिपच्या दसपटीहून मोठं.

उत्तरेकडच्या ब्यारकोयची गोष्ट वेगळी. तिथल्या लोकांनी हिशोब मांडला: पालिका सोडू, पण बदल्यात रस्ता हवा. 2013 मध्ये ते हारस्टा शहरात सामील झाले आणि 2018 मध्ये समुद्राखालचा बोगदा आणि पूल मिळाला. ग्रिपसारख्या खडकाला असा सौदा करताच आला नसता, कारण शंभर माणसांसाठी 14 किलोमीटरचा बोगदा कुणी खणत नाही. ब्यारकोयची माणसं आज गाडीत बसून शहरात जातात. त्यांच्यासाठी पालिकेची सीमा खरोखर रस्त्यामागे गेली.

2014 नंतर सरकारने विलीनीकरणाची दुसरी मोठी लाट आणली. 428 पालिका 2020 पर्यंत 356 झाल्या. ग्रिपच्याच जिल्ह्यातली सांदोय ही बेटांची पालिका तेव्हा ओलेसुन्दमध्ये गेली, आणि 2022 मध्ये तिची मोठी बेटं पूल-बोगद्यांच्या नव्या रस्त्याने जोडली गेली. त्याच वेळी ओलेसुन्दमध्ये घातलेलं हाराम मात्र 1 जानेवारी 2024 ला पुन्हा वेगळं झालं. या फुटीमुळे देशातल्या पालिका आता 357 आहेत.

म्हणजे गेलेली पालिका परत मिळू शकते. ग्रिपच्या बाबतीत ती वाट बंद आहे. तिथली घरं नीट राखलेली आहेत, उन्हाळ्यात क्रिस्तियानसुन्दहून होडी जाते, जुन्या चर्चमध्ये लग्नं लागतात. पण नॉर्वेत माणूस जिथे रहिवासी म्हणून नोंदलेला असतो तिथेच मत देतो, आणि ग्रिपवरच्या घरमालकांची नोंद दुसऱ्या गावांत आहे.